अकरा नंबरपुढचा शेरा

१

मंगळवारी दुपारी सव्वाबाराला आमच्या म्युझियमच्या भिंतीवर मला एक स्वच्छ चौकोन दिसला. बाकीच्या भिंतीला चाळीस वर्षांत रंग लागलेला नाही. तिथे जेवढं स्वच्छ दिसेल तेवढं गेलं असं समजायचं.

गेला होता हजेरीचा फळा. म्हणजे आमचं नाकच.

आमचं म्युझियम केवढं, तर लष्कराच्या जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात तीन खोल्या. युद्धाच्या वेळी बेटावर बारा सैनिक, एक तोफ आणि खडकावर एक दिवा एवढा बंदोबस्त होता. तोफ उडाली एकदाच, तीही पुसताना, आणि धक्क्यावरचं संडास गेलं. त्यातली एक वीट आम्ही काचेत ठेवलीय. सैनिकाचा पुतळा कपड्याच्या दुकानातून आणलाय. तो मुळात बाईचा, म्हणून मिशी जरा दणदणीत काढली. लोक हसतात. पण फळ्यापुढे आले की गप्प होतात.

फळा साधा, लाकडी, काळा. त्यावर खडूनं एक ते बारा आकडे आणि प्रत्येकापुढे शेरा. हजर, हजर, आजारी, हजर, रजा, असे. अकराव्यापुढे मात्र: उतरला.

अकरा नंबर हा खडकावरच्या दिव्याचा पहारेकरी. त्या वादळी दिवशी सामानाची लाँच आली तेव्हा दिवा बंद होता. लाँच खडकावर आपटली. सात माणसं गेली, तिघं वाचली. अकरा नंबर कुठेच सापडला नाही. जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. सापडला फक्त शेरा. पहाऱ्यावरून उतरला, म्हणजे होडीत बसून पळाला, असं बेटानं ठरवलं. तुकडी पुढच्या आठवड्यात हलवली, जाताना त्यांनी फळ्याला चौकट आणि काच बसवून घेतली, आणि बेटानं तो पाहिला तो त्या चौकटीतच. फळा तसाच राहिला, आणि बेटाचं मतही.

वाचलेले तिघे खडकातल्या लोखंडी कडीला दोरानं बांधलेले, बेशुद्ध सापडले होते; शुद्धीवर आल्यावर त्यांना काही आठवेना. तो दोरही आमच्याकडे आहे. खाली लेबल आहे, ‘दैवी दोर’. गाठ कुणी मारली हे बहात्तर वर्षांत कुणी विचारलं नाही. देवाला गाठी मारता येतात असं आम्ही धरून चाललो.

आणि शुक्रवारच्या लाँचनं पलीकडच्या मोठ्या म्युझियमच्या बाई तो फळा वर्षभरासाठी न्यायला येणार होत्या.

मी धावत शेजारच्या घरी गेलो. तिथे माझी वहिनी राहते. भाऊ गेल्यापासून एकटीच असते. छत्तीस वर्षं बेटाची पोस्टमास्तर होती. कोण कुणाला काय लिहितं हे पाकीट न उघडता सांगायची, म्हणून लोक तिला भ्यायचे. मी तिला अजून भितो.

“वहिनी, फळा चोरीला गेला.”

“भावजी, तीन हात लांब फळा घेऊन चोर जाणार कुठे? पोहत?” ती चपला घालत म्हणाली. “मागची खोली बघितलीत?”

मी बघितली नव्हती. मागच्या खोलीत सुताराचं बाक होतं, आणि बाकामागे भिंतीकडे तोंड करून, रुसल्यासारखा, फळा उभा होता. चौकट नव्हती, काचही नव्हती.

“हा घ्या,” वहिनी म्हणाली आणि तिनं फळा फिरवला.

फळा पुसलेला होता.

२

अर्ध्या तासात अध्यक्ष हजर झाले. आमचे अध्यक्ष वर्षातून दोनदा येतात, एकदा हार घ्यायला आणि एकदा चिडायला. हा दुसरा दौरा होता.

“यात शोधायचंय काय?” ते म्हणाले. “फळ्यावर कुणाच्या बापाची अब्रू टांगली होती? तिनंच पुसली.”

ती म्हणजे तिकिटाच्या खिडकीतल्या मावशी. अकरा नंबरची एकुलती एक मुलगी. वय वर्षं चौऱ्याहत्तर. शाळेत त्यांना पोरं ‘उतरली’ म्हणून हाक मारायची. चाळीस वर्षांपूर्वी म्युझियम निघालं तेव्हा तिकिटं फाडायला आणि काचा पुसायला कुणी मिळेना, त्या आल्या. बापाच्या बदनामीची काच रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसायची नोकरी आम्ही त्यांना दिली, आणि यात काही चमत्कारिक आहे असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. मला तर अजिबात नाही. मी सेक्रेटरी होतो.

“शुक्रवारच्या आत चाव्या ठेवायच्या,” अध्यक्ष म्हणाले. “आणि त्या बाईंना मी स्वतः सांगणार, पोरीनं बापाचं नाव पुसलं म्हणून.”

मावशींनी कनवटीचा चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. शुक्रवारपर्यंत थांबल्या नाहीत.

अध्यक्ष गेल्यावर वहिनीनं त्यांना खुर्ची दिली. “मावशी, सकाळपासून आत कोण कोण आलं?”

“दहाला सुतार. अकराला विमावाले. साडेअकराला...” त्या थांबल्या. “मास्तर आले होते. लेबलांचं काही काम असेल. तिकीट कुणीच काढलं नाही.”

“तुम्ही आत गेला होतात?”

“सकाळी काच पुसली तेवढीच. मग खिडकीत. खिडकीत बसलं की हॉलकडे पाठ होते.”

“खरं सांगा. फळा पुसावा असं कधी वाटलं?”

मावशींनी पदर सारखा केला. “रोज वाटायचं. रोज पुसायचेही. पण मधे काच होती ना.”

मला खोकला आला. वहिनी मात्र उठून पुन्हा फळ्यापाशी गेली आणि वाकून बघायला लागली, नाक टेकेल इतकी जवळ.

“भावजी, इकडे या. हे बघा. पुसलाय कसा? वरून खाली, एकाशेजारी एक सरळ पट्टे. ओलं फडकं नाही, कोरडं. मावशी काच पुसतात ती गोल गोल. मी चाळीस वर्षं बघतेय.”

“म्हणजे मावशी नाहीत?”

“आणि हे काय?”

उजव्या कोपऱ्यात, वर, खडूची दोन बारीक अक्षरं आणि एक आकडा जसेच्या तसे होते. तुकडीच्या हवालदारानं लिहिलेला वार आणि तारीख.

“ज्याला अब्रू पुसायची,” वहिनी म्हणाली, “त्यानं सगळा फळा पुसला, आणि तारीख तेवढी का ठेवली?”

३

सुतार धक्क्याजवळ होडी दुरुस्त करताना गाठला. तुकडी हलली तेव्हा त्याच्या वडलांनीच फळ्याची चौकट बनवली होती. ती बोटभर लहान झाली, म्हणून फळ्याची उजवी कड चौकटीच्या ओठाखाली, म्हणजे आत आलेल्या पट्टीखाली, दाबून बसवावी लागली, हा आमच्याकडे जुना विनोद आहे. सुताराला तो आवडत नाही.

“फळा भिंतीवरून कुणी काढला?” वहिनीनं विचारलं.

“मी काढला.”

इतक्या लवकर कबुली मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी पोलिसाला बोलवायला वळलोसुद्धा.

“थांबा हो,” सुतार म्हणाला. “काढला म्हणजे काय? सांगितलं म्हणून काढला. काचेसकट दोन माणसांचं ओझं ते, मी एकटा. चौकट खोलली, काच बाजूला ठेवली, फळा बाकावर टेकवला. चौकट घरी नेऊन ठेवली, तिचे सांधे सुटलेत. माझ्या बापाच्या नावानं हसता ना, म्हटलं आता नीटच करून टाकू.”

“तेव्हा फळ्यावर अक्षरं होती?”

“होती.”

“काय लिहिलं होतं? नेहमीचंच?”

“वहिनी, अक्षरं मास्तर वाचतात. मी लाकूड वाचतो, बापही तेच वाचायचा. फळा सागाचा आहे आणि खालून वाळवी लागायला आलीय, एवढं लिहिलं होतं.”

“आणि काढायला कुणी सांगितलं?”

सुतारानं कानामागची पेन्सिल काढली आणि मग खिशातून चिठ्ठी. वहिनीनं ती उलगडली, वाचली, आणि माझ्या हातात दिली.

अक्षर माझं होतं.

४

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी बंदराच्या कचेरीत तारा लिहायचो. तारेत शब्द वाचवायचा असतो. मी इतके वाचवायचो की वडील गेल्याची तार भावाला ‘बाबा निघाले’ अशी केली होती, आणि तो बिचारा दोन दिवस धक्क्यावर त्यांची वाट बघत उभा होता. तारा बंद झाल्या, सवय गेली नाही. म्युझियमच्या चिठ्ठ्याही मी तशाच लिहितो, आणि कुणाचं नाव न घालता चार प्रती करून तिकिटाच्या खिडकीजवळच्या डब्यात टाकतो. ज्याचं काम तो करतो.

चिठ्ठी अशी होती: ‘फळा आजच उतरवून घ्यावा. सेक्रेटरी.’

“तुम्हाला काय म्हणायचं होतं भावजी?”

“विमा! फळा शुक्रवारी समुद्रावरून जाणार, त्याचा विमा उतरवून घ्यावा.”

“मग विमा हा शब्द कुठाय?”

“तो... कळतोच की.”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. दोन दिवस धक्क्यावर उभा राहिलेला माझा भाऊ तिचा नवरा होता.

“सुताराला वाटलं, भिंतीवरून उतरवा,” ती म्हणाली. “त्यानं उतरवला. चला विमावाल्याकडे.”

विमावाला बेटावर एकच आहे आणि तो फक्त माणसांचा विमा उतरवतो. पण त्याला कुठलंही काम नाही म्हणवत नाही. डब्यातली एक प्रत सकाळी त्यानंही वाचली होती. त्यानं माणसांचाच फॉर्म आणून फळ्यावरून भरला होता, तो आमच्यापुढे ठेवला. नाव: फळा. वय: बहात्तरच्या वर. व्यवसाय: सेवानिवृत्त. धूम्रपान: नाही. घरात कुणाला मोठा आजार: वाळवी.

“अकरा वाजता तुम्ही पाहिला तेव्हा फळा कसा होता?” वहिनीनं विचारलं.

“फॉर्ममध्ये आहे ना. शरीरावरील खुणा, बघा.”

वहिनीनं बोट फिरवलं. ‘सर्वांगावर पांढरे डाग. उजव्या कडेपर्यंत पसरलेले.’

“उजव्या कडेपर्यंत?”

“मी असतं तेच लिहितो,” तो दुखावून म्हणाला. “एका ओळीत अगदी कडेपर्यंत गेले होते.”

“त्या ओळीत लिहिलं काय होतं?”

“बाई, मी तपासायला गेलो होतो. वाचायला कशाला जाऊ?”

बाहेर पडल्यावर वहिनी रस्त्यातच थांबली. समोर शाळा होती, सुटलेली, उघड्या खिडकीतून वर्गातला फळा दिसत होता. पुसलेला. फक्त वर उजव्या कोपऱ्यात वार आणि तारीख तेवढी शिल्लक.

“भावजी,” ती हळू म्हणाली, “उतरवून घेणं म्हणजे आणखी काय असतं? तुम्ही चौथीत होतात तेव्हा?”



“फळ्यावरचं वहीत उतरवून घ्या,” मी म्हणालो.

“आणि सगळ्यांचं उतरवून झालं की?”

५

मास्तर निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी कोटाच्या डाव्या खिशात खडू असतो. आमची सगळी लेबलं त्यांच्या अक्षरात आहेत. ‘दैवी दोर’सुद्धा. घरात एकटेच असतात. लग्न केलं नाही. का नाही, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी त्यांनी आईला सांगितलं होतं की करीन तर अकरा नंबरच्या मुलीशी. मास्तरांचे वडील त्या लाँचवर होते, वाचलेल्या तिघांतले एक. आई म्हणाली, ज्याच्यामुळे तुझा बाप बुडत होता त्याची पोर या उंबऱ्याच्या आत यायची नाही. मास्तरांनी आईचं ऐकलं. तेव्हा ऐकायची पद्धत होती.

दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात वही होती. बहुतेक दुपारपासून असावी.

“चौतीस वर्षं,” ते म्हणाले. आम्ही काही विचारलंच नव्हतं. “उतरवून झालं की पुसायचं. तारीख ठेवायची, दुसऱ्या दिवशी वर्ग भरेपर्यंत. हात आपोआप जातो हो. चिठ्ठी वाचली, आत गेलो. फळा बाकावर उघडाच. बसलो, शेवटच्या ओळीपर्यंत उतरवून घेतला, उठलो, खिशातून डस्टर काढलं...”

“निवृत्तीनंतर खिशात डस्टर ठेवता?” मी विचारलं.

“तुम्ही अजून तारा लिहिता ना?”

मी खिशातली चिठ्ठी आणखी आत सारली.

“अर्धा पुसेपर्यंत कळलं नाही. मग कळलं, पण तोवर अर्धाच राहिला होता, आणि अर्धा पुसलेला फळा...” त्यांनी हात हवेत वरून खाली फिरवला. “तो तसा ठेवता येत नाही मला.”

“मास्तर, सांगितलं का नाहीत? मावशींनी चाव्या ठेवल्या.”

“पुसल्याच्या भीतीनं नाही थांबलो.” त्यांनी वही उघडून आमच्यापुढे धरली. सुरेख अक्षर. एक, हजर. दोन, हजर. तीन, आजारी. मी बोटानं खाली आलो आणि अकराव्या ओळीवर थांबलो.

अकरा. उतरला पाण्यात.



“पाण्यात?” मी म्हणालो. “हा शब्द तर...”

“चौकटीच्या ओठाखाली होता. बोटभर. बाकीचे शेरे लहान, त्यांचं काही झाकलं गेलं नाही. याचाच लांब होता.” मास्तर वहीकडेच बघत बोलत होते. “उतरवताना मी वाचलंच नाही. नुसतं उतरवलं. मुलांना किती मारलं असेल यावरून, की नुसतं उतरवू नका, वाचा. घरी येऊन वाचलं.”

दिवा वादळानं विझला होता, आणि पहारेकरी पाण्यात उतरला होता. तिघांना कडीला बांधलं आणि चौथ्यासाठी परत गेला असणार. दोराची गाठ देवानं मारली नव्हती.

“माझ्या वडलांच्या कमरेला तो दोर होता,” मास्तर म्हणाले. “आणि मी त्याखाली सुवाच्य अक्षरात ‘दैवी’ लिहिलं.”

“मग चला की अध्यक्षांकडे! वही दाखवू.”

“कुणाची वही? माझी.” ते हसले, म्हणजे तोंड तसं झालं. “पन्नास वर्षांपूर्वी ज्याचं त्या घराशी लग्न मोडलं, त्याच्या हातचा शब्द. आणि मूळ फळाही त्यानंच पुसला. तुम्ही अध्यक्ष असता तर मानलं असतंत?”

मी अध्यक्ष नसूनही मानलं नसतं.

वहिनी मात्र वहीकडे बघतच नव्हती. ती दाराकडे बघत होती.

“चौकट,” ती म्हणाली. “भावजी, सुतार चौकटीचं काय करणार होता म्हणाला?”

६

तिघांचं मिळून वय दोनशेच्या पुढे, तरी त्या दिवशी आम्ही बाजारातून पळालो. लोकांना वाटलं लाँच सुटली.

सुतार अंगणात बसला होता. मांडीवर चौकट, हातात पटाशी. काच चौकटीला बाहेरून होती; आतल्या बाजूला, ओठावर, त्याच्या बापानं लाकूड घासू नये म्हणून काळं कापड चिकटवलं होतं. तीन बाजूंचं त्यानं खरवडून काढलं होतं. चौथ्या बाजूला पटाशी लागली होती.

“हात वर!” मी ओरडलो. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो. सुतारानं खरंच वर केले.

वहिनीनं चौकट उन्हाकडे तिरपी धरली. उजव्या बाजूचं काळं कापड, बहात्तर वर्षं फळ्याला दाबून बसलेलं. त्यावर अर्ध्याच्या थोडं खाली पांढरट धूळ. नीट बघितलं तर धूळ नव्हती. रेघा होत्या, पण कुठल्याच भाषेतल्या वाटेनात.

“गेलं,” मी म्हणालो. “पुसट झालंय.”

“पुसट नाही, उलटं आहे,” वहिनी म्हणाली. “पोस्टातला टीपकागद कधी बघितलात का? लोक पत्र टिपून कागद तिथेच टाकून जायचे. मी काय पाकिटं फोडून वाचत होते होय?” आणि सुताराकडे वळून, “आरसा आण.”

सुतारानं दाढीचा आरसा आणला. वहिनीनं तो कापडासमोर धरला, आणि आम्ही चौघं डोकी एकमेकांवर आपटत आत बघायला लागलो.

आरशात, हवालदाराच्या घाईच्या, तिरक्या अक्षरात, एकच शब्द होता. ‘पाण्यात’.

मास्तरांनी हातातली वही उघडून तो शब्द ताडून पाहिला.

“बापाची चौकट लहान झाली म्हणून झाकलं गेलं,” सुतार म्हणाला.

“आणि लहान झाली म्हणून दाबून राहिलं,” वहिनी म्हणाली. “रडू नकोस. नाकातलं कापडावर पडेल.”

७

शुक्रवारी लाँचनं मोठ्या म्युझियमच्या बाई आल्या. त्यांनी कापड भिंगातून पाहिलं, वही पाहिली, कोपऱ्यातली तारीख पाहिली, विमावाल्याचा फॉर्म दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा हसल्या नाहीत. अक्षर एकाच हातचं आहे म्हणाल्या, तारखेचं आणि कापडावरचं. मग म्हणाल्या, फळा नेत नाही, तो इथेच राहू द्या. अध्यक्षांनी हार तयार ठेवला होता, तो कुणाला घालावा हे त्यांना कळेना. शेवटी मिशीवाल्या बाईच्या पुतळ्याला घातला.

मावशींना सांगायचं कुणी, यावर आम्ही सकाळपासून एकमेकांकडे बघत होतो. मास्तरांनी सांगितलं. तिकिटाच्या खिडकीच्या बाहेर उभे राहून, तिकीट मागतात तसं. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं आलं, कारण मास्तर मोठ्यानं म्हणाले, “पुसला मीच. माफी मागायला आलोय. उशीर झालाय ते माहीत आहे.”

मावशी तिकिटांच्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत होत्या.

“आई जाईपर्यंत दाराला आतून कडी लावायची,” त्या म्हणाल्या. “दिवसासुद्धा. मला म्हणायची, तो कधी आला, कितीही हाका मारल्या, तरी उघडू नकोस. तोंड बघायचं नाही त्याचं. ती गेली, मग मी लावत राहिले.” त्यांनी मान वर केली. “तो तेव्हाच गेला होता, आणि आम्ही कडी लावून बसलो होतो.”

मी टेबलावरच्या चाव्या त्यांच्यापुढे ठेवल्या. शब्द वाचवण्यात उभा जन्म गेला, खर्च करायची वेळ आली तेव्हा एकही निघेना.

“सेक्रेटरीसाहेब,” त्या म्हणाल्या, “नवीन लेबल लिहाल ना, ते लहान लिहू नका.”

फळा आता पुन्हा जागेवर आहे, नव्या चौकटीत, पुरेशा मोठ्या. वर कोपऱ्यात तारीख, खाली काळं. शेजारी कापडाची पट्टी आणि एक आरसा. दोराखालचं लेबल मास्तरांनी स्वतः काढलं आणि खिशात घातलं. नवं मी लिहिलं. पहिला मसुदा चार शब्दांचा झाला होता. वहिनीनं तो फाडला.

शनिवारी सुतार कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. जुनी लोखंडी कडी होती, झिजून मधे बारीक झालेली. बरोबर मावशींची चिठ्ठी होती, त्याच्या नावानं, पूर्ण पत्त्यासकट: ‘घराच्या पुढच्या दाराची आतली कडी कायमची काढून न्यावी, आणि म्युझियमला द्यावी.’ उतरवून असं कुठेही लिहिलं नव्हतं. शहाणी बाई.

“हिचं लेबल?” सुतारानं विचारलं.

मी कागद ओढला आणि लिहायला बसलो. दुपार झाली तरी लिहीत होतो. मास्तर खडूचा हात झटकत मागे येऊन उभे राहिले, माझ्या खांद्यावरून वाचलं, आणि म्हणाले, “फार लांब होतंय हो.”

“होऊ दे,” मी म्हणालो.

मग त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या हातून कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायला लागले. या वेळी प्रत्येक शब्द आधी मोठ्यानं वाचत होते.